प्रवाळवनांतील जोडपें

आफ्रिकेंतील नायजर नदीच्या शोधामुळें कीर्ति पावलेल्या मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाचें नांव पुष्कळांनीं ऐकिलें असेल. परंतु त्यापूर्वीं जहाजावरील वैद्य म्हणून सुमात्रा बेटास गेला असतां त्यानें तेथील आठ नव्या माशांचें वर्णन केलें होतें, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. तें वर्णन १७९७ सालीं प्रसिद्ध झालें. त्या आठांपैकींच एक हा फुलपाखरू-मासा होय.

वीतभरही लांब नसणारा हा चपटा मासा पूर्व आफ्रिकेपासून जाव्यापर्यंत, तसाच आपल्या लक्षद्वीपाभोंवतीं आढळतो. पिवळ्या अंगावर जांभळट आडव्या रेषा आणि मुखावर काळे पट्टे असें त्याचें रूप आहे. त्यांतील एका पट्ट्याखालीं डोळाच झांकून जातो.

प्रवाळ म्हणजे निर्जीव दगड नव्हे. चुन्याच्या घरांत दाटीनें राहणाऱ्या सूक्ष्म जीवांची ती वसाहत असते. या जीवांचें मांस हेंच ह्या माशाचें अन्न. तो तें अलगद टिपून घेतो. वसाहत मरत नाहीं. मत्स्यालयांत दुसरें अन्न पुढें ठेविलें तरी तो बहुधा त्यास तोंड लावीत नाहीं व उपाशीं मरतो. नर-मादी जोडीनें राहतात, आपला प्रदेश ठरवितात आणि परकें जोडपें आंत शिरल्यास त्यास हांकून लावितात.

परंतु समुद्राचें पाणी उन्हाळ्यांतील नेहमींच्या मर्यादेपेक्षां अंशभर जरी अधिक तापून तसेंच कांहीं आठवडे राहिलें, तरी प्रवाळांच्या अंगांतील सूक्ष्म शैवाल निघून जातें. प्रवाळांचें बहुतेक पोषण त्या शैवालामुळेंच होत असल्यानें ते पांढरे पडतात, व उष्णता न ओसरल्यास मरतात. लक्षद्वीपावर १९९८, २०१० व २०१६ या सालीं हेंच संकट आलें.

२०१६ च्या संकटानंतर इंडोनेशिया, जपान इत्यादि ठिकाणीं या कुळांतील माशांचें निरीक्षण करणाऱ्या शास्त्रज्ञांस एक चमत्कारिक गोष्ट दिसली: त्यांचीं भांडणें सुमारें एक-तृतीयांशावर आलीं होतीं. हा सलोखा नव्हे! अन्नच उणें झाल्यावर राखावयाचें काय, आणि त्यासाठीं शक्ति वेंचावयाची कशास?

ज्या घरांतील कलह कोठार रितें झाल्यामुळें मिटला, त्या घराच्या शांततेचें कौतुक कोण करील? प्रवाळवनांतील ही शांतता तशीच आहे.