घर कशाचे बनते? – लेखांक सातवा : सिमेंटच्या पत्र्याचे दफ्तर

गेल्या लेखांकात रंगातील शिशाचा विचार करताना आपण पाहिले की, घरगुती रंगात दहा लाख भागांमागे नव्वद भागांहून अधिक शिसे असू नये असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलात आणला. गोठ्यापासून गिरणीपर्यंत आणि चाळीच्या पडवीपासून खेड्यातील शाळेपर्यंत ज्याने महाराष्ट्रात दोन-तीन पिढ्यांवरचा पाऊस अडवला, त्या लाटदार, करड्या सिमेंटच्या पत्र्याची हकीकत मात्र निराळी आहे. त्यात ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे ही गोष्ट व्यापाऱ्याने कधी लपवली नाही. बिलावर तो ‘एसी शीट’, म्हणजे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा, म्हणूनच उतरतो. घटक उघड आणि परिणाम झाकलेला, अशी ही वस्तू असल्यामुळे, बांधकामाच्या साहित्याविषयी खरी माहिती देणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार तिच्यापासूनच सुरू केलेला बरा.

१९०१ साली ऑस्ट्रियातील लुडविग हाचेक याने ज्या कृतीचे पेटंट घेतले ती थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. सिमेंट आणि पाणी यांच्या पातळ राबडीत ॲस्बेस्टॉसचा तंतू कालवायचा, फिरत्या जाळीदार पिंपावर त्याचा थर धरायचा, थरावर थर गुंडाळून हवी तेवढी जाडी आली की ओला असतानाच तो कापून साच्यावर लाटदार करायचा. तंतूचे प्रमाण वजनाच्या सुमारे एक दशांश, पण त्याच्यावाचून हा पापुद्रा हाताळतानाच तुटेल. न जळणारा, न कुजणारा, न गंजणारा, कौलांपेक्षा हलका, लोखंडी पत्र्याइतका न तापणारा आणि पावसात त्याच्याइतका न वाजणारा, असे हे छप्पर गरिबाच्या ऐपतीत आले, हे त्याचे गुण कबूल न करता त्याच्यावर फिर्याद लावणे अन्यायाचे होईल.

दोष तंतूच्या जातीतच आहे. तो उभा चिरत जातो, डोळ्यांना न दिसणाऱ्या सुयांसारखा होतो, श्वासाबरोबर फुप्फुसाच्या खोल भागात जाऊन बसतो आणि शरीराला तो सहजासहजी बाहेर टाकता येत नाही. फुप्फुसे ताठरणे, त्यांचा कर्करोग, आणि फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा नावाचा प्रायः असाध्य कर्करोग, हे त्याचे परिणाम होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने पांढऱ्या ॲस्बेस्टॉससह त्याचे सर्व प्रकार मानवी कर्करोगाच्या निःसंशय कारणांत घातले आहेत. परंतु तंतू श्वासात गेल्यापासून मेसोथेलिओमा प्रकट होईपर्यंत वीस ते चाळीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लोटतो. ज्या अपायाचे कारण आणि कार्य यांत एवढे अंतर असते, तो भोगणाऱ्याच्या अनुभवातून उमगत नाही. तो कोणाच्या तरी दफ्तरातच आकळतो. म्हणून दफ्तर कोणाच्या ताब्यात आहे, हा या प्रकरणातला कळीचा प्रश्न ठरतो.

इंग्लंडात रॉचडेल येथे टर्नर बंधूंच्या कारखान्यात काम केलेली नेली केर्शॉ ही स्त्री १९२४ साली तेहेतिसाव्या वर्षी वारली, तेव्हा तिच्या फुप्फुसांत सापडलेल्या खनिज कणांचे वर्णन डॉक्टर कुक यांनी वैद्यकीय नियतकालिकात छापले; १९३० साली मेरवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल झाला, पुढच्याच वर्षी धुळीचे नियमही आले. म्हणजे विद्या गुप्त नव्हती. तरीही १९३५ साली अमेरिकेतील दोन मोठ्या कंपन्यांचे अधिकारी ॲस्बेस्टॉसविषयी जितके कमी बोलले जाईल तितके आपल्या हिताचे, अशा अर्थाचा पत्रव्यवहार करीत होते. आणि १९३६ साली उद्योजकांनी न्यूयॉर्क राज्यातील सारानाक प्रयोगशाळेला संशोधनासाठी पैसा दिला तो या अटीवर, की निष्कर्ष ही देणाऱ्यांची मालमत्ता राहील आणि त्यांच्या संमतीवाचून प्रसिद्ध होणार नाही. ते संशोधन १९५१ साली छापले गेले, पण त्यातून कर्करोगाचा उल्लेख वगळून. चार वर्षांनी रिचर्ड डॉल यांनी रॉचडेलच्याच ११३ कामगारांचा हिशेब मांडला आणि जेथे फुप्फुसाच्या कर्करोगाने एकही मृत्यू धड अपेक्षित नव्हता तेथे अकरा झाल्याचे दाखवले. कंपनीच्या संचालकांनी तो लेख छापला जाऊ नये म्हणून खटपट केली, पण ती निष्फळ ठरली. १९६० साली वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले, त्यांत ॲस्बेस्टॉसच्या खाणीत कधीही पाऊल न टाकलेले, केवळ तिच्या आसपास राहिलेले लोकही होते.

मुंबईचा या इतिहासाशी संबंध दूरचा नाही. रॉचडेलचा कारखाना ज्या टर्नर अँड न्यूऑल कंपनीच्या पदरी होता, तिच्याच हिंदुस्थानी शाखेचे पत्रे मुलुंडच्या कारखान्यात होत असत. तेथे उडणारी धूळ मुंबईची हवा खाऊन काही सौम्य होत नव्हती. कामगाराच्या बाजूने दफ्तर राखण्याचा हुकूम आपल्याकडे झाला तो पुष्कळ उशिरा, सर्वोच्च न्यायालयाच्या २७ जानेवारी १९९५ च्या निकालाने. आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच अंतर्भूत आहे असे सांगून न्यायालयाने प्रत्येक ॲस्बेस्टॉस कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे, किंवा नोकरी संपल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचे फर्मावले. चाळीसचा हा आकडा रोगाची चाल ओळखणारा आहे, आणि या निकालातील मला सर्वांत शहाणी वाटणारी गोष्ट तीच.

राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहारात मात्र हा शहाणपणा फारसा दिसत नाही. १९९८ साली ठरलेल्या आणि २००४ पासून लागू झालेल्या रॉटरडॅम करारात घातक पदार्थांची एक यादी आहे. यादीत नाव आले म्हणजे त्या पदार्थावर बंदी येत नाही. निर्यात करणाऱ्याने आयात करणाऱ्या देशाला आधी माहिती द्यावी आणि त्याची संमती घ्यावी, एवढेच ठरते. तज्ज्ञांच्या समितीने पांढरा ॲस्बेस्टॉस या यादीत घालण्याची शिफारस केली असूनही २००६ पासून ती बैठकीमागून बैठकीत अडून राहिली, कारण एकमत लागते आणि कोणी ना कोणी हरकत घेतो. २०११ साली भारताने अनुकूलता दाखवली तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या; २०१३ साली आपणच पुन्हा विरोधात उभे राहिलो. विकू नका असे म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो, पण सांगून विका एवढेच म्हणणाऱ्यालाही जेव्हा नकार मिळतो, तेव्हा मालाविषयी विक्रेत्याला खरोखर काय वाटते हे उघड होते.

उद्योगाचा युक्तिवाद असा की, पत्र्यात तंतू सिमेंटने जखडलेला असतो, तेव्हा छपराखाली झोपणाऱ्याला भय नाही. अभंग, न छेडलेल्या पत्र्यापुरते हे बरेचसे खरे आहे. पण छपराचे आयुष्य असे स्थितप्रज्ञ नसते. कारागीर आकड्यासाठी त्याला भोक पाडतो, करवतीने कोपरा कापतो, पावसाळ्यापूर्वी कोणी काथ्याच्या कुंच्याने शेवाळ खरवडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा तर छपरांचे तुकडे परसात येऊन पडले. धोका या हातांना आहे, आणि बिल या हातांत कधी जात नाही. खरेदीखतात चतुःसीमा असतात, सातबाऱ्यावर विहीर आणि झाडेही चढतात, ग्रामपंचायतीच्या आकारणीत घर कच्चे की पक्के हे नोंदले जाते. छपराच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे मात्र यांत सहसा लिहिलेले सापडत नाही. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसचा वापर १९९९ साली बंद झाला, तरी जुन्या इमारतींचा प्रश्न उरलाच. म्हणून राहती घरे सोडून इतर इमारतींच्या चालकांवर २००४ पासून असे बंधन आहे की, ॲस्बेस्टॉस कोठे आणि कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद त्यांनी ठेवावी आणि दुरुस्तीला येणाऱ्यास ती कामापूर्वी दाखवावी. नोंद ठेवणे यापेक्षा नोंद दाखवणे हा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडील शाळांपासून तरी त्याचा आरंभ करण्यास मोठा खर्च पडणार नाही.

तोपर्यंत इतके पथ्य पाळावे. ॲस्बेस्टॉसविरहित नवा पत्रा आणि जुना पत्रा नुसत्या नजरेने वेगळे ओळखता येत नाहीत, सूक्ष्मदर्शक यंत्राखालीच ते कळते, म्हणून जुना करडा पत्रा ॲस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चालावे. तो कोरडा कापू नये, घासू नये. काढायचा झाल्यास पाण्याने भिजवून अखंड उतरवावा, आणि तुकडे रस्त्याच्या भरावात किंवा चुलीभोवतीच्या बांधकामात वापरू नयेत. पुढील लेखांकात प्लायवुडच्या थरांमधील डिंक आणि त्यातून सुटणारा फॉर्मल्डिहाइड वायू यांचा विचार करू.