गाडी किती उंच करावी?

जिम्नीसारखी डोंगरवाटांची मोटार घेतली की ती आणखी उंच करण्याचा मोह पुष्कळांस होतो. तथापि लांब स्प्रिंगांनी उचलली जाते ती चासी व वरचा सांगाडा. आसावरील डिफरन्शियलचा गोळा होता तेथेच राहतो. तो उचलावयाचा तर मोठे टायरच हवेत.

रोज कचेरीसही तीच गाडी नेणाऱ्याने दीड-दोन इंचांपलीकडे जाऊ नये. जिम्नीचे दोन्ही आस अखंड असून प्रत्येक आस एका आडव्या दांड्याने चासीस जोडलेला असतो. गाडी वर गेली की हा दांडा अधिक तिरपा होऊन आसास एका अंगास ओढतो. शिवाय पुढील चाकांचा कॅस्टर कोन घटतो, आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही स्वस्थ राहत नाही. म्हणून संचात स्प्रिंगांच्या लांबीस जुळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, कॅस्टर सुधारणारे बुश आणि लांबी कमीजास्त करता येणारा दांडा असावा. विंच व लोखंडी बंपर यांच्या ओझ्यासाठी घडविलेली ताठ स्प्रिंग रिकाम्या गाडीस बसविली, तर शहरातील प्रत्येक खड्डा प्रवाशांच्या पाठीस कळतो!

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत करणाऱ्या फेरफारास मनाई करते. तेव्हा परिवहन कचेरीतील चौकशी खरेदीपूर्वीच करावी. संच बसविल्यावर दिव्यांचा झोतही खाली वळवून घ्यावा; नाहीतर तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो.