समुद्राच्या ठेवीचा ताळेबंद

बँकेतील ठेवीचे मुद्दल किती, हे पासबुक उघडताच कळते. समुद्रातील मत्स्यसाठा हीसुद्धा एक ठेवच होय. दरवर्षी होणारी नवी पैदास हे तिचे व्याज. तेवढीच उचल झाली तर ठेव पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मुद्दलाला हात लागला की ती आटू लागते. अडचण एवढीच, की या ठेवीला पासबुक नाही. मुद्दल किती उरले, हे पाण्यात जाळे टाकूनच अजमावावे लागते.

बंदरावर उतरणाऱ्या मासळीवरून हा अंदाज का बांधू नये, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. परंतु मच्छीमार जातो तो मासळी जिथे हमखास मिळेल तिथेच. एकूण साठा रोडावला तरी उरलेले थवे तो हुडकून काढतो आणि त्याची जाळी काही काळ भरलेलीच येतात. म्हणूनच मासळी असो वा नसो, आधीच ठरविलेल्या ठिकाणी जाळे टाकून पाहणारे स्वतंत्र सर्वेक्षण आवश्यक ठरते.

भाड्याची नौका, शास्त्राची शिस्त

संशोधनासाठी खास जहाज बांधणे व ते वर्षभर पोसणे खर्चाचे असते. सर्वेक्षण मात्र वर्षातून काही महिनेच चालते. त्यामुळे अनेक ठिकाणी व्यावसायिक मासेमारी नौका, कप्तान व खलाशांसह, ठरावीक काळासाठी भाड्याने घेतल्या जातात. अलास्काच्या पश्चिमेस असलेल्या पूर्व बेरिंग समुद्रातील सर्वेक्षण हे याचे ठळक उदाहरण. अमेरिकेची राष्ट्रीय सागरी मत्स्यसेवा 1982 पासून ते एकाच ठरीव पद्धतीने करीत आली आहे. समुद्राचे 20 सागरी मैल बाजूचे चौकोन कल्पून ठिकाणे निश्चित केलेली आहेत. उन्हाळ्यात सामान्यतः दोन भाड्याच्या नौका ती वाटून घेतात. प्रत्येक ठिकाणी सुमारे 3 नॉट वेगाने 30 मिनिटे तळाशी जाळे ओढले जाते.

येथे कप्तानाच्या कौशल्याला वेगळेच वळण द्यावे लागते. एरवी अधिक मासळी मिळविणे हे त्याचे यश. येथे दरवर्षी सर्व काही सारखे ठेवणे हे यश. वादळी समुद्रात नौका सांभाळणे, खडकाळ तळावर जाळे फाटू न देणे यासाठी त्याचा अनुभव अमोल असतो. मात्र जाळे त्याच्या पसंतीचे नसते. अधिक कार्यक्षम जाळी उपलब्ध असली तरी ठरवून दिलेलेच जाळे वापरावे लागते. कारण माप बदलले, तर यंदाच्या मोजणीची तुलना मागील वर्षांशी करता येणार नाही. जाळ्यावर बसविलेली उपकरणे त्याच्या तोंडाची रुंदी नोंदवितात. रुंदी व कापलेले अंतर यांवरून किती क्षेत्र झाडले गेले ते निघते. वर आलेली मासळी जातवार वेगळी करून तोलली व मोजली जाते. माशाच्या कानातील खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असतात. त्यांवरून वय कळते.

खर्चाचा मेळ

उत्तर पॅसिफिकमधील हॅलिबट या मोठ्या चपट्या माशाची देखरेख अमेरिका व कॅनडा यांचा 1923 साली स्थापन झालेला संयुक्त आयोग करतो. त्याच्या सर्वेक्षणासाठीही गळाच्या लांब दोऱ्यांनी मासेमारी करणाऱ्या नौका भाड्याने घेतल्या जातात. पकडलेले मासे विकून खर्चाचा मोठा भाग भागविला जातो. व्यवस्था सोयीची खरी; पण तिच्यात एक धोकाही आहे. साठा घटला की विक्रीचे उत्पन्न घटते. म्हणजे मोजणीची गरज वाढते, नेमका तेव्हाच पैसा अपुरा पडतो.

चुकलेले एक वर्ष

मोजणीचे मोल बेरिंग समुद्रातील स्नो क्रॅब या खेकड्याने दाखवून दिले. 2018 च्या सुमारास सर्वेक्षणात तो विपुल आढळला होता. 2020 मध्ये कोविडमुळे सर्वेक्षण रद्द झाले. 2021 मध्ये नौका परतल्या तेव्हा साठा कोसळलेला होता. सुमारे 10 अब्ज खेकडे नाहीसे झाल्याचे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. पाणी तापल्याने खेकड्यांची अन्नाची गरज वाढली आणि बहुधा उपासमारीने ते मेले, असा त्याचा निष्कर्ष आहे. 2022 च्या ऑक्टोबरात ही मासेमारी इतिहासात प्रथमच बंद ठेवण्यात आली आणि तिच्यावर पोट असलेल्या कुटुंबांचा हंगाम बुडाला. 2024 मध्ये ती अल्प प्रमाणात पुन्हा सुरू झाली.

सर्वच देश नौका भाड्याने घेतात असे नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेकडे स्वतःची सर्वेक्षण जहाजे आहेत. नौका कोणाचीही असो, हिशेब नियमित व एकाच मापाने ठेवला गेला पाहिजे. भाडेपद्धतीचा आणखी एक लाभ असा, की ज्याच्या उपजीविकेवर या आकड्यांचा परिणाम व्हायचा, तो व्यवसायच मोजणीत सहभागी असतो. आपल्यासारख्याच मच्छीमाराने डोळ्यांदेखत रिकामे जाळे वर ओढले असेल, तर मासेमारी आवरण्याचा कटू सल्ला स्वीकारणे थोडे सुकर होते.