अडकलेला एक्सल आणि घणाची घाई

भिवंडीहून माल आणणारी माझी जुनी मारुती ८०० ऐन लग्नसराईत गॅरेजात पडली. पुढच्या एक्सलचा शाफ्ट बदलायचा होता, पण त्याचे दाते हबमध्ये गंजून बसलेले. कारागिराने घण घातला. शाफ्ट निघाला, सोबत चांगले बेअरिंगही गेले!

दुसऱ्या बाजूचे काम मी एका बुजुर्ग उस्तादांकडे नेले. गाडी जमिनीवर, ब्रेक दाबलेला असतानाच त्यांनी मधला मोठा नट सैल केला. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू दिले. सकाळी हबला पुलर लावून शाफ्ट आत रेटला. गिअरबॉक्समधले टोक ओढण्यापूर्वी तेल काढले. बसवताना ऑईल सील व सर्क्लिप नवे, दात्यांना थोडे ग्रीस.

बांधवांनो, मजुरी ठरवण्याआधी विचारा, पुलर आहे का?