बाळाच्या सुंतेनंतर : पिवळा थर आणि रक्ताचा डाग



सुंतेनंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी लंगोट सोडल्यावर जखमेवर पिवळसर-पांढरा, चिकट थर दिसतो आणि घरात धांदल उडते. पू झाला, असे समजून कोणी तो कापसाने खरवडतात, कोणी हळद भरतात. वास्तविक तो थर पू नसतो. गुडघा खरचटल्यावर खपली धरते, तीच क्रिया येथे ओलसर जागी होत असते. थर आपोआप विरतो आणि सात ते दहा दिवसांत जखम भरून येते. शिश्नाग्र काही दिवस लालसर व किंचित सुजलेले दिसणे, लंगोटावर रक्ताचे एक-दोन बारीक ठिपके उमटणे, पहिल्या दिवशी बाळाने किरकिर करणे, हेही अपेक्षितच आहे.

खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची करावयाची असते आणि तिच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. ती म्हणजे संथपणे, थेंबाथेंबाने वाहणारे रक्त. तीन किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सारे मिळून सुमारे पाव लिटर रक्त असते. चहाचे पाच चमचे रक्त गेले, तर त्याचा दहावा भाग गेला. मोठ्या माणसाच्या दृष्टीने क्षुल्लक वाटणारे हे प्रमाण बाळासाठी गंभीर आहे. त्यातच बाजारातील डायपर रक्त शोषून घेतो, वरून कोरडा दिसतो आणि आत किती गेले ते कळत नाही. म्हणून पहिले २४ तास डायपर न वापरता जुन्या, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाचा सैल लंगोट घालावा आणि पहिले काही तास तो अर्ध्या-अर्ध्या तासाने सोडून पाहावा. बाळ झोपले आहे म्हणून पाहणे टाळू नये.

रक्त वाहताना दिसल्यास स्वच्छ गॉज जखमेवर ठेवून दोन बोटांनी हलका पण सलग दाब द्यावा. पाच ते दहा मिनिटे, घड्याळ लावून. मध्येच उचलून पाहिल्यास धरू लागलेली गुठळी निघून येते. एवढ्यानेही रक्त थांबले नाही, किंवा थांबून पुन्हा सुरू झाले, तर दाब तसाच ठेवून रुग्णालय गाठावे. दोरा किंवा चिंधी आवळून बांधू नये; त्यामुळे रक्तपुरवठा तुटतो आणि लघवीही अडते.

रक्त न थांबण्यामागे कधी कधी हिमोफिलिया हा जन्मजात विकार असतो. तो सामान्यतः आईकडून मुलाकडे येतो. त्यामुळे चौकशी करताना बाळाचे वडील व काका यांच्याबरोबरच मामा आणि मावशीची मुले यांच्याविषयी अवश्य विचारावे : दात काढल्यावर कोणाचे रक्त थांबेना असे झाले होते काय, साध्या पडण्याने सांधा सुजत असे काय? ही जाण फार जुनी आहे. ज्या आईचे दोन मुलगे सुंतेनंतर दगावले तिच्या तिसऱ्याची सुंता करू नये, असा दंडक प्राचीन यहुदी धर्मग्रंथांत आढळतो. कोकणातील मराठी भाषक बेने इस्रायली कुटुंबांत आठव्या दिवशी सुंता करण्याची प्रथा आहे. मुस्लिम कुटुंबांत वयाचे बंधन तितके काटेकोर नसते. मात्र कुटुंबात असा इतिहास असो वा नसो, जन्मतः बाळाला ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले होते काय, हे सुटीच्या कागदांवरून आधी तपासावे. हे जीवनसत्त्व कमी असल्यास रक्त गोठत नाही. घरी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत ते राहून गेलेले असू शकते.

मूत्राचे छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूस असेल, तर सुंता करू नये. पुढील शस्त्रक्रियेत हीच त्वचा उपयोगी पडते. बाळ कमी वजनाचे, कावीळग्रस्त किंवा आजारी असल्यास थांबावे. थांबल्याने बाळाची हानी होत नाही. वडीलधाऱ्यांना हे डॉक्टरांकडूनच सांगविणे सोयीचे जाते.

जखमेची निगा साधी आहे. हात साबणाने धुवावेत, कोमट पाण्याने हलकेच पुसावे, डॉक्टरांनी सांगितले असल्यास लंगोट बदलताना पेट्रोलियम जेली लावावी. राख, हळद, तेल, पावडर यांतले काहीही लावू नये. धनुर्वाताचे जंतू माती-राखेतूनच येतात. बाळंतिणीच्या खोलीतील मालीश आणि धुरी यांपासून हा भाग काही दिवस दूर ठेवावा. प्लास्टिकची कडी बसविली असल्यास ती साधारण पाच ते आठ दिवसांत गळते; ओढू नये. ती मागे सरकून रुतली किंवा शिश्न काळे-निळे दिसू लागले, तर त्याच क्षणी निघावे. वेदनेसाठी आईने वारंवार अंगावर पाजावे. बधिर करणारे मलम किंवा तापाचे औषध स्वतःच्या मनाने देऊ नये.

बारा तासांत लघवी झाली नाही, ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल किंवा फिकट पडले, लाली पोटाकडे पसरू लागली किंवा दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये.

काही महिन्यांनी बाळ गुबगुबीत झाले की शिश्न चरबीत दडल्यासारखे दिसते आणि सुंता ‘अपुरी’ राहिली असे वाटू लागते. पुन्हा कापण्याचा निर्णय घाईने घेऊ नये, बालशल्यचिकित्सकांना दाखवावे. लघवीची धार मात्र दोऱ्यासारखी बारीक किंवा वर उडणारी झाली, तर तपासणी आवश्यक आहे.

म्हैसूर येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी दोन शब्द. बाळंतपण माहेरी, बेळगाव-कोल्हापूरकडे, सुंताही तिथेच, आणि लगेच परतीचा रात्रभराचा प्रवास, असे होऊ देऊ नये. निदान पहिले दोन दिवस, रुग्णालय जवळ असेल अशा ठिकाणी राहावे. म्हैसूरमध्ये चेलुवांबा हे स्त्रिया व बालकांचे सरकारी रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकांना सरकारी रुग्णालयात उपचार, औषधे आणि ने-आण विनामूल्य आहे. कन्नड येत नाही म्हणून संकोच करू नये : ‘रक्त’ आणि ‘ज्वर’ हे शब्द कन्नडातही तेच आहेत.

निघताना रक्ताने भिजलेले लंगोट धुऊ नयेत. ते पिशवीत घालून, माता-बाल संरक्षण कार्डासह सोबत न्यावेत. किती रक्त गेले याचा अंदाज डॉक्टरांना त्यांवरून येतो.