दृक्‌श्राव्य संग्रहाचे स्थलांतर

प्राथमिक शाळांच्या संगणकांत आता पाठांच्या चित्रफिती, कवितांच्या ध्वनिफिती, क्षेत्रभेटींची छायाचित्रे आणि शिक्षकांच्या मोबाइलचे बॅकअप यांचा मोठा साठा होत असतो. संगणकाची मूळ डिस्क भरत आली म्हणजे तो बाहेरील हार्ड डिस्कवर हलविणे भाग पडते. काम अवघड नाही. परंतु घाईने झालेली हानी पुष्कळदा भरून येत नाही. लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले होते. पाठ्यपुस्तक फाटल्यास दुसरे मिळते. त्या दिवसांत टिपलेले छायाचित्र गेल्यास दुसरे मिळणार नाही.

प्रथम नव्या डिस्कचा फॉरमॅट पाहावा. ‘फॅट ३२’ फॉरमॅटच्या डिस्कवर, रिकामी जागा कितीही असली तरी, ४ जीबीची एकच फाइल मावत नाही. स्नेहसंमेलनाची लांबलचक चित्रफीत नेमकी येथे अडते. ‘एक्सफॅट’ अथवा ‘एनटीएफएस’ असल्यास ही अडचण नसते. फॉरमॅट बदलताना डिस्कवरील सर्व काही पुसले जाते. तेव्हा तो डिस्क रिकामी असतानाच बदलावा.

साठा ‘कट’ करून नेऊ नये, ‘कॉपी’ करावा. ‘कट’ केलेला साठा हलत असताना वीज गेली अथवा वायर निघाली, तर काही फाइली जुन्या जागी व काही नव्या जागी अशी विस्कळीत अवस्था होते. ‘कॉपी’ केल्यास मूळ साठा जागच्या जागी राहतो. कॉपी पूर्ण झाल्यावर दोन्ही फोल्डरांच्या ‘प्रॉपर्टीज’मधील फाइलींची संख्या व एकूण आकार ताडून पाहावा आणि काही मोठ्या चित्रफिती शेवटपर्यंत चालवून पाहाव्यात.

चित्रफिती दाखविणारे कित्येक प्रोग्राम स्वतःची सूची ठेवतात. ग्रंथालयाच्या नोंदवहीत कपाटाचा क्रमांक असतो, तसा या सूचीत प्रत्येक फाइलचा पत्ता असतो. कपाट हलविले आणि नोंदवही तशीच राहिली, तर पुस्तक असूनही सापडत नाही. म्हणून प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये नवे स्थान नोंदवावे. डिस्कचे अक्षर बदलले तरी हीच अडचण येते. ते ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून कायम करून घ्यावे.

मोबाइलच्या बॅकअपची गोष्ट थोडी निराळी आहे. आयफोनच्या बॅकअपमधील फाइलींना सांकेतिक नावे असतात. ती बदलू नयेत व एखादीच फाइल वेगळी काढू नये. संपूर्ण फोल्डर एकत्र हलवावा. आयफोनचा प्रोग्राम बॅकअप आपल्या ठरावीक जागीच शोधतो, म्हणून मूळ जागेचीही नोंद ठेवावी.

जुना साठा पुसण्यापूर्वी एक विचार अवश्य करावा. तो पुसला की नवी डिस्क हीच एकमेव प्रत उरते. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिती जानेवारी २००३ च्या आगीत जळाल्या. ज्यांच्या प्रती अगोदरच सुरक्षित फितींवर उतरविल्या होत्या, ते चित्रपट वाचले. शाळेनेही दुसऱ्या डिस्कवर एक प्रत करून ती निराळ्या ठिकाणी ठेवावी आणि मगच मूळ साठा काढावा. बालकांची छायाचित्रे त्यांत असल्याने दोन्ही डिस्का कुलपात असाव्यात व त्यांची नोंद जडवस्तू नोंदवहीत व्हावी, म्हणजे बदलीने येणाऱ्या शिक्षकाच्या हाती हा संग्रह अखंड पडेल.