गाडी उभी, बॅटरी आडवी!

उन्हाळ्याच्या सुट्टीत महिना-दीड महिना गावी किंवा परदेशातील मुलांकडे राहून आलेले कुटुंब घरी परतते. सोसायटीच्या आवारात धूळ खात उभ्या असलेल्या मोटारीला किल्ली लावली जाते आणि बॉनेटखालून केवळ 'टक-टक' एवढाच आवाज येतो. २०२० च्या मार्चअखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा असंख्य मोटारमालकांनी हा अनुभव एकाच सुमारास घेतला. कुणी वॉचमनच्या मदतीने धक्का मारला, कुणी शेजाऱ्याच्या गाडीवरून वायर जोडून काम भागवले, तर अनेकांना थेट नवी बॅटरी घ्यावी लागली. त्यानंतर घरी स्वतःचा चार्जर असावा, असे वाटणाऱ्यांची संख्या वाढली. दुकानात गेल्यावर मात्र समोर येणाऱ्या डब्यांवर व्होल्ट, अँपिअर, 'थ्री स्टेज', 'एजीएम' असे शब्द असतात आणि बहुतेकजण शेवटी किमतीकडे पाहून निर्णय घेतात. येथेच घोटाळा होतो. बॅटरीत वीज भरणे कोणत्याही चार्जरला जमते. भरणे कधी कमी करायचे आणि कधी थांबवायचे, हे फार थोड्यांना कळते. चार्जरची खरी पारख तेथेच करावी लागते.

(विद्युत मोटारींच्या मुख्य बॅटरीचा विचार या लेखात केलेला नाही. मात्र त्या मोटारींतही दिवे, कुलूप आणि संगणक चालविण्यासाठी १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असतेच आणि तीही उतरते.)

गाडी बंद असली, तरी तिच्यातील सर्व काही बंद नसते. रिमोटच्या कुलपाचा संवेदक, चोरीविरोधी अलार्म, घड्याळ, इंजिनाच्या संगणकाची स्मृती यांना थोडा विद्युतप्रवाह अखंड लागतो. आजच्या मोटारींत तो साधारणपणे २० ते ५० मिलिअँपिअर असतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हिशेब करून पाहावा. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास आणि महिन्याला ३६ अँपिअर-तास. लहान हॅचबॅक मोटारीची बॅटरीच मुळी ३५ अँपिअर-तासांची असते! बाहेरून बसविलेला कॅमेरा किंवा ट्रॅकर असेल, तर महिनाही लागत नाही.

उतरलेली बॅटरी पुन्हा भरता येते, मग बिघडते काय? फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हा-पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. आपल्या गाड्यांत आजही मूलतः तीच रचना आहे. वीज खर्च होते तेव्हा दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो; चार्जिंगमध्ये तो पुन्हा विरघळतो. हा थर ताजा असेपर्यंत मऊ असतो. बॅटरी आठवडेच्या आठवडे रिकामी पडून राहिली, तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि ते पुरते विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणूनच 'गावाहून आल्यावर बघू' हे धोरण बॅटरीला महाग पडते.

अनेकजण त्यावर एक सोपा उपाय करतात. वॉचमनला किल्ली देऊन आठवड्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवायला सांगतात. इंजिन सुरू होताना खर्च झालेली वीज त्यात कशीबशी भरून निघते. आठवडाभरात झिरपून गेलेली नाही. बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन् तास लागतात, ते काम दहा मिनिटांत होण्यासारखे नाही. पेट्रोल मात्र जळते.

जुना डबा आणि नवा

बॅटरीच्या दुकानांत लोखंडी पेटीचा, काट्याचा मीटर असलेला, जड चार्जर पुष्कळांनी पाहिला असेल. आत एक ट्रान्सफॉर्मर आणि डायोड, एवढाच त्याचा संसार. तो भक्कम असतो, वर्षानुवर्षे चालतो. पण बॅटरी भरली हे त्याला कळत नाही. बटण बंद करेपर्यंत तो वीज ढकलत राहतो. भरलेल्या बॅटरीत ढकललेली वीज पाण्याचे विघटन करते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात, आम्लाची पातळी खाली जाते आणि पट्ट्या उघड्या पडतात. 'रात्री लावली आणि सकाळपर्यंत उकळली' असे मेकॅनिक म्हणतात, ते हेच. समोर माणूस उभा असेल, तर या चार्जरमध्ये वाईट काही नाही. घरी, रात्रभर आणि विसरून जाण्याची सोय म्हणून मात्र तो घेऊ नये.

स्वयंचलित चार्जर हे काम टप्प्याटप्प्याने करतो. पहिल्या टप्प्यात तो ठरावीक प्रवाह देत राहतो आणि बॅटरीचा दाब हळूहळू चढतो. दाब साधारण १४.४ ते १४.८ व्होल्टवर पोचला, की तो तेथेच स्थिर धरला जातो आणि प्रवाह आपोआप कमी-कमी होत जातो. हा दुसरा टप्पा सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत महत्त्वाचा. प्रवाह अगदी क्षीण झाल्यावर चार्जर दाब सुमारे १३.५ व्होल्टवर उतरवतो. याला 'फ्लोट' म्हणतात. या अवस्थेत बॅटरी आठवडेच्या आठवडे जोडून ठेवली, तरी ती उकळत नाही आणि उतरतही नाही. महिनोन् महिने गाडी उभी ठेवणाऱ्याने डब्यावर हा तिसरा टप्पा आहे की नाही, हे आधी पाहावे. काही स्वस्त चार्जरवर 'ऑटोमॅटिक' असे छापलेले असते, पण त्याचा अर्थ 'भरल्यावर बंद पडतो' एवढाच असतो. तोही चालेल, मात्र मग महिन्यातून एकदा पुन्हा जोडण्याची आठवण ठेवावी लागेल.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, ती म्हणजे तापमान. वर दिलेले व्होल्टचे आकडे २५ अंश सेल्सियसला धरून असतात. तापमान वाढले, की बॅटरीला कमी दाब पुरतो. हे प्रमाण दर अंशामागे, दर सेलला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट असते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. विदर्भातील एप्रिल-मे महिन्यातील ४० अंशांचा हिशेब केला, तर पाव ते अर्ध्या व्होल्टच्या आसपास फरक पडतो आणि तेवढ्याने रोजची झीज वाढते. तापमानानुसार दाब बदलणारा चार्जर थोडा महाग असला, तरी नागपूर-अकोल्याकडे तो पैसा सार्थकी लागतो.

किती अँपिअरचा?

'जास्त अँपिअर म्हणजे चांगला चार्जर' हा समज मोबाइलने रुजवलेला दिसतो. शिशाच्या बॅटरीसाठी व्यवहारातला ठोकताळा वेगळा आहे. बॅटरीवर जितके अँपिअर-तास लिहिलेले असतील, त्याच्या साधारण एक दशांश अँपिअरचा चार्जर घ्यावा. ३५ ते ४५ अँपिअर-तासांच्या मोटारीला ४ ते ५ अँपिअर, मोठ्या डिझेल गाडीच्या ७० ते ८० अँपिअर-तासांना ७ ते ८ अँपिअर. स्कूटरची बॅटरी अवघ्या ३ ते ५ अँपिअर-तासांची असते, तिला अर्ध्या अँपिअरच्या आसपासच हवा. मोटारीचा चार्जर तिला लावणे म्हणजे पोराच्या तोंडात बादली ओतणे. ४० अँपिअर-तासांची अर्धी उतरलेली बॅटरी ४ अँपिअरच्या चार्जरने भरायला सात-आठ तास धरावेत. रात्री लावून सकाळी काढावी. खर्च म्हणाल तर अशी बॅटरी तळापासून भरली, तरी एक युनिटही वीज लागत नाही.

घरोघरी इन्व्हर्टर असल्याने मोटारीची बॅटरी त्यालाच जोडून भरावी, अशी युक्ती काहींना सुचते. घरातल्या १५० अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीसाठी बनविलेला इन्व्हर्टर १०-१५ अँपिअरचा प्रवाह सोडतो. हॅचबॅकच्या बॅटरीला तो तिप्पट होतो. नाक्यावरच्या चार्जिंगच्या दुकानातही एक प्रश्न विचारावा, आपली बॅटरी एकटी लावणार की माळेत? माळेत सर्व बॅटऱ्यांतून सारखाच प्रवाह जातो. शेजारी ट्रकची बॅटरी असेल, तर तिला मानवणारा प्रवाह आपल्या छोटीलाही सोसावा लागतो.

बॅटरीच्या जातीचा प्रश्न त्यानंतर येतो. 'मेंटेनन्स-फ्री' लिहिलेली बॅटरी म्हणजे एजीएम नव्हे. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक मेंटेनन्स-फ्री बॅटऱ्यांच्या आत द्रवरूप आम्लच असते, फक्त पाणी घालावे लागत नाही. एजीएममध्ये आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेले असते. जेल बॅटरीला थोडा कमी, साधारण १४.१-१४.२ व्होल्टचा दाब मानवतो. बॅटरीवर जो प्रकार छापला असेल, तोच चार्जरवर निवडता आला पाहिजे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा मामला निराळा आहे. सल्फेट काढण्यासाठी काही चार्जर जास्त दाबाचे ठोके देतात, ते लिथियमला धोकादायक ठरू शकतात. तिला तिच्यासाठी बनविलेलाच चार्जर हवा.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून चार्जर मागविणाऱ्यांनी 'इनपुट'चा आकडा वाचावा. तेथे १२० व्होल्टचा पुरवठा असतो. १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले नसेल, तर तो डबा आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात पहिल्याच दिवशी जळेल.

होडीचे गणित

रस्त्यावर बॅटरी उतरली, तर चिडचिड होते. समुद्रात उतरली, तर धक्का मारायला कुणी नसते. इंजिनाचा सेल्फ, जीपीएस, मासळीचा थवा दाखवणारे यंत्र, दिवे आणि वायरलेस संच हे सारे तिच्यावरच अवलंबून असते. म्हणून शहाणा तांडेल इंजिन सुरू करण्याची बॅटरी आणि बाकीच्या उपकरणांची बॅटरी वेगळी ठेवतो. अशा नौकेला दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्रपणे सांभाळणारा, दोन 'बँक'चा चार्जर हवा. एकच चार्जर दोघींना एकत्र जोडला, तर कमकुवत बॅटरी चांगलीलाही खाली ओढते. मोठ्या नौकांत दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, तेव्हा चार्जरही २४ व्होल्टचाच लागतो.

होडीवर कायम बसवायचा चार्जर पाणी शिरणार नाही असा बंदिस्त असावा. खारी हवा उघड्या सर्किटला महिन्याभरात हिरवे करते. खारे पाणी बॅटरीत शिरले, तर विषारी क्लोरीन वायू तयार होऊ शकतो, म्हणून बॅटरीची पेटी तळातील साचलेल्या पाण्यापासून उंच हवी. धक्क्यावरून वीज घेणाऱ्या क्रीडानौकांना आणखी एक अडचण असते. किनाऱ्याच्या अर्थिंगच्या तारेतून शेजारशेजारच्या नौकांचे धातू एकमेकांना जोडले जातात आणि पाण्याखालचा पंखा, त्याचा दांडा झिजू लागतो. ही झीज रोखणारा 'गॅल्व्हॅनिक आयसोलेटर' त्या तारेत बसवता येतो. झीज थांबविण्यासाठी अर्थिंगच तोडून टाकणे, हा मात्र जिवावरचा खेळ आहे.

अनेक बंदरांत नौकेपर्यंत वीजच पोचत नाही. तेथे सौर पॅनेल उपयोगी पडते, पण ते थेट बॅटरीला जोडू नये. '१२ व्होल्टचे' म्हणून विकले जाणारे पॅनेल उन्हात १७-१८ व्होल्ट देते, त्यामुळे मध्ये कंट्रोलर हवाच. पावसाळी मासेमारीबंदीत नौका शाकारून ठेवल्या जातात. त्या काळात बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा भरावी. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर चार्जिंगला लावून सल्फेटचे स्फटिक विरघळत नाहीत.

जोडताना

हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले, की ठिणगी पुरते. म्हणून बॅटरी घरात आणून भरायची असेल, तर स्वयंपाकघर आणि देवघर टाळून गॅलरी निवडावी. चार्जरचे चिमटे आधी जोडावेत आणि भिंतीवरचे बटण शेवटी लावावे. काढताना आधी बटण बंद. बॅटरी गाडीतच असेल, तर लाल चिमटा धन टर्मिनलला आणि काळा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या किंवा चॅसीच्या उघड्या धातूला लावावा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत ऋण टर्मिनलवर बॅटरीवर नजर ठेवणारा संवेदक असतो. काळा चिमटा थेट त्या टर्मिनलला लावला, तर भरलेल्या विजेची नोंदच गाडीच्या संगणकाकडे होत नाही.

चार्जर घेण्यापूर्वी साध्या मल्टिमीटरने बॅटरी तपासणे उत्तम. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसले, तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ ला ती अर्धी असते आणि १२ च्या खाली गेली असल्यास त्याच दिवशी चार्जिंगला लावावी. फारच खोल उतरलेली बॅटरी काही स्मार्ट चार्जरना 'दिसत'च नाही आणि ते सुरू होण्यास नकार देतात. अशी बॅटरी चार्जरने एकदा पूर्ण भरली आणि रात्रभर ठेवल्यावरही मीटर १०.५ च्या आसपासच अडकला, तर एक सेल गेला असे समजावे. कितीही महागडा चार्जर तो परत आणू शकत नाही. ती बॅटरी भंगारवाल्याला न देता नवी घेताना दुकानदाराकडेच जमा करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेस पाठविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्यातील शिशाची किंमत म्हणून नव्या बॅटरीच्या बिलातून काही रक्कम वजाही होते.